कॅथलिक शाळेतील धर्माचा तास : कोणासाठी आणि कशासाठी?

बिलोली (प्रतिनिधी) : शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की तालुक्याच्या गावी पालकांच्या बोलण्यात 'कॉन्व्हेंट' हा शब्द हमखास येतो. या शब्दाचा मूळ अर्थ धर्मभगिनींचे निवासस्थान असा आहे. मराठवाड्यात मात्र इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला तो लावला जातो. ज्यांच्या संस्थेत एकही ख्रिस्ती व्यक्ती नाही, अशा शाळाही आपल्या नावापुढे 'कॉन्व्हेंट' लिहितात. त्यातून दोन गैरसमज रूढ झाले आहेत. नावात कॉन्व्हेंट असलेली प्रत्येक शाळा ख्रिस्ती असते, हा पहिला. ख्रिस्ती शाळेत सर्वच मुलांना ख्रिस्ती धर्म शिकवला जातो आणि त्यामागचा हेतू धर्मांतराचा असतो, हा दुसरा.

पहिला गैरसमज संस्थेचे नोंदणीपत्र पाहिले की दूर होतो. दुसरा इतक्या सहज दूर होत नाही. कॅथलिक हायस्कुलांमध्ये धर्माचा तास असतो, हे खरे आहे. तो कोणासाठी असतो, त्यात काय शिकवतात, त्यातून काय साधायचे असते आणि ज्या मुलांचा धर्म वेगळा आहे त्यांनी त्या वेळी काय करायचे, हे मात्र बहुतेक पालकांना ठाऊक नसते. अनेकदा शाळाही ते नीट समजावून सांगत नाहीत. हे अज्ञान दोन्ही बाजूंना महागात पडते. पालकांच्या मनात संशय घर करतो आणि शाळेकडे प्रत्येक वेळी आरोपीच्या नजरेने पाहिले जाते.

बिलोलीसारख्या सीमावर्ती तालुक्यात हा प्रश्न अधिक जवळचा आहे. तेलंगणाला लागून असलेल्या या भागात मराठीबरोबर तेलुगू आणि उर्दूही घराघरांत बोलली जाते. सरफराजखानाच्या नावाने ओळखली जाणारी जुनी दगडी मशीद बिलोलीत आहे. शेजारच्या देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी, १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी जेथे देह ठेवला, ते तख्त सचखंड हुजूर साहिब आहे. येथील मूल लहानपणापासून अनेक धर्म पाहतच वाढते. त्याला शाळेत धर्माविषयी काय सांगितले जाते, हा म्हणूनच केवळ एका समाजाचा प्रश्न राहत नाही.

एक शब्द, तीन अर्थ

गोंधळाचे मूळ 'धार्मिक शिक्षण' या शब्दातच आहे. या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या जातात आणि त्या प्रत्येकीचे उद्दिष्ट वेगळे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे श्रद्धाशिक्षण. मराठी ख्रिस्ती समाजात यालाच 'धर्मशिक्षण' म्हणतात. बाप्तिस्मा झालेल्या मुलाने आपली श्रद्धा समजून घ्यावी, प्रार्थना शिकावी, संस्कारांची तयारी करावी आणि ख्रिस्तसभेचा जबाबदार घटक व्हावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. हे शिक्षण श्रद्धा गृहीत धरते. ज्याने ती स्वीकारलेली नाही, त्याच्यासाठी ते नाहीच.

दुसरी गोष्ट म्हणजे धर्माविषयीचे शिक्षण. एखादा धर्म काय मानतो, त्याचे ग्रंथ कोणते, इतिहास कोणता, त्याने कला, भाषा आणि समाज यांवर कोणता परिणाम केला, याची माहिती यात दिली जाते. इतिहास किंवा भूगोल शिकण्यासारखेच हे शिकणे आहे. ते घेण्यासाठी तो धर्म मानण्याची आवश्यकता नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे मूल्यशिक्षण. प्रामाणिकपणा, श्रमप्रतिष्ठा, दुसऱ्याविषयी आदर, दुर्बलांविषयी कणव हे गुण मुलांत रुजावेत, हा त्याचा हेतू असतो. कॅथलिक शाळांच्या वेळापत्रकात हा तास बहुधा 'नीतिशिक्षण' किंवा 'मूल्यशिक्षण' या नावाने येतो आणि इतर धर्मांची मुले याच तासाला बसतात. राज्याच्या शाळांतील मूल्यशिक्षणातही वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी मूल्ये आहेत. तेव्हा या तासाचा आशय केवळ कॅथलिक शाळांपुरता आहे, असे नाही.

हा भेद कॅथलिक शाळांनी सोयीसाठी शोधून काढलेला नाही. कॅथलिक शिक्षणाचे कामकाज पाहणाऱ्या व्हॅटिकनमधील विभागाने एप्रिल १९८८ मध्ये 'कॅथलिक शाळेतील शिक्षणाचे धार्मिक परिमाण' या विषयावर एक सविस्तर दस्तऐवज प्रसिद्ध केला. श्रद्धाशिक्षण आणि शाळेतील धर्मविषयाचे अध्यापन यांतील सीमारेषा त्यात स्पष्टपणे आखली आहे. श्रद्धाशिक्षण ऐकणारा ख्रिस्ती संदेश आपल्या तारणाचा मार्ग म्हणून स्वीकारतो. ते मुख्यतः श्रद्धा जगणाऱ्या समुदायात, म्हणजे कुटुंबात आणि धर्मग्रामात होते आणि आयुष्यभर चालते. शाळेचे उद्दिष्ट ज्ञानाचे आहे. दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, परंतु त्या एकच गोष्टी नाहीत, असे हा दस्तऐवज सांगतो.

कॅथलिक विद्यार्थ्यासाठी काय?

हायस्कूलचे वय साधारण बारा ते सोळा वर्षांचे. प्राथमिक शाळेत पाठ केलेल्या प्रार्थना या वयात अपुऱ्या पडू लागतात. विज्ञानाच्या तासाला उत्क्रांती शिकलेली मुलगी बायबलमधील सृष्टीच्या कथेविषयी प्रश्न विचारते. देव दयाळू असेल तर दुष्काळ का पडतो, शेतकरी गळफास का घेतो, हे प्रश्न मराठवाड्यातील मुलाला पुस्तकात शोधावे लागत नाहीत. अशा शंका दडपून टाकल्या तर मूल श्रद्धेपासून दूर जाते किंवा केवळ सवयीने प्रार्थना करणारे होते. म्हणून या वयातील धर्मशिक्षणाचे पहिले उद्दिष्ट पाठांतराकडून आकलनाकडे नेण्याचे आहे.

दुसरे उद्दिष्ट श्रद्धा आणि संस्कृती, तसेच श्रद्धा आणि जीवन यांची सांगड घालण्याचे आहे. १९७७ च्या 'कॅथलिक शाळा' या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाने शाळेचे विशेष कार्य म्हणून हीच गोष्ट सांगितली होती. गणित, भाषा, विज्ञान हे विषय धर्माच्या प्रचाराची साधने म्हणून शिकवू नयेत, त्यांचे स्वतंत्र स्थान आणि पद्धती जपावी, हेही या विचारात अभिप्रेत आहे. विद्यार्थ्याने जे शिकले त्याचा उपयोग तो कोणासाठी करणार, हा प्रश्न मात्र शाळेने त्याच्यापुढे ठेवावा, अशी अपेक्षा आहे.

तिसरे उद्दिष्ट सदसद्विवेकबुद्धी घडवण्याचे. चूक आणि बरोबर यांचा निर्णय दुसऱ्याच्या धाकाने न घेता स्वतःच्या मनाशी विचार करून घेता यावा, ही त्यामागची कल्पना आहे. चौथे उद्दिष्ट सेवेचे. शेजाऱ्यावरील प्रेमाची शिकवण वर्गातच राहिली तर तिला अर्थ उरत नाही. त्यामुळे रुग्णभेट, वस्तीतील लहान मुलांचा अभ्यास घेणे, स्वच्छता असे उपक्रम या शिक्षणाचा भाग मानले जातात.

मराठवाड्यात या उद्दिष्टांना एक वेगळी अडचण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत होते. त्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असे दोन्ही आले. नांदेड आणि लातूर हे जिल्हे १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात. वसईसारखी सलग ख्रिस्ती वस्ती येथे नाही. विखुरलेल्या खेड्यांतील एखाद-दुसऱ्या कुटुंबातील मुलाला रविवारी चर्चमध्ये जाणेही सोपे नसते. अशा मुलासाठी शाळेतील किंवा वसतिगृहातील धर्माचा तास हीच काय ती आपल्या श्रद्धेची ओळख असते. तो तास बंद झाला तर त्याचे जे नुकसान होईल, ते भरून काढणारे दुसरे कोणी नसते.

आपल्या भाषेतील वारसा

या मुलाला आणखी एक गोष्ट कळणे गरजेचे असते. आपला धर्म परका आहे, हे त्याला वर्गमित्रांकडून कधी ना कधी ऐकावे लागते. मराठीतील ख्रिस्ती परंपरेची ओळख हे त्यावरचे सर्वांत चांगले उत्तर आहे.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ स्वतःच धर्मशिक्षणाचे पुस्तक होता. नव्याने ख्रिस्ती झालेल्या मराठीभाषकांची पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी त्यांना दुसरे काही हवे होते. ती गरज या ग्रंथाने भागवली. प्रश्न विचारणारा श्रोता आणि उत्तर देणारा गुरू अशी त्याची रचना आहे. शंका विचारणे हा श्रद्धेचा अपमान नाही, ही गोष्ट मराठीतील या पहिल्या मोठ्या ख्रिस्ती ग्रंथानेच मान्य केली होती. पुढे १९०३ मध्ये 'निरोप्या' मासिक सुरू झाले आणि मराठी ख्रिस्ती वाचकाला स्वतःचे नियतकालिक मिळाले.

अलीकडचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. वसईच्या या धर्मगुरूंनी 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षे संपादन केले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला धर्माच्या कारणावरून विरोधही झाला होता. तरीही संमेलन मराठवाड्याच्या भूमीत पार पडले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. मराठवाड्यातील कॅथलिक विद्यार्थ्याला 'मी मराठी आणि मी ख्रिस्ती' ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात म्हणता यावीत, हे धर्मशिक्षणाचे उद्दिष्ट मानले, तर त्यासाठी यापेक्षा जवळचा धडा सापडणार नाही.

इतर धर्मांच्या मुलांसाठी काय?

भारतातील बहुतेक कॅथलिक शाळांत कॅथलिक विद्यार्थी अल्पसंख्य असतात. वर्गातील बहुसंख्य मुले हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख किंवा जैन असतात. त्यांच्या बाबतीत कॅथलिक चर्चची स्वतःची शिकवण काय सांगते, हे पाहण्यासारखे आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र स्वीकारले. आपल्या मुलांना कोणते धार्मिक शिक्षण द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार आईवडिलांचा आहे, असे त्याच्या पाचव्या परिच्छेदात म्हटले आहे. आईवडिलांच्या श्रद्धेशी न जुळणाऱ्या धर्मपाठांना बसण्याची मुलांवर सक्ती करणे म्हणजे या अधिकाराचा भंग होय, असेही तेथे नमूद आहे. १९८३ च्या चर्च कायदासंहितेचे ७४८ वे कलम तर कोणालाही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारण्यास भाग पाडता येणार नाही, असे बजावते. १९८८ च्या दस्तऐवजानेही कॅथलिकेतर विद्यार्थ्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा आदर राखण्यास सांगितले आहे.

तेव्हा नांदेड जिल्ह्यातील एखाद्या पालकाने 'माझी मुलगी तुमच्या धर्माच्या तासाला बसणार नाही' असे कॅथलिक शाळेला सांगितले, तर तो चर्चच्या विरोधात काही बोलत नसतो. चर्चनेच मान्य केलेला अधिकार तो वापरत असतो.

येथे एक अवघड प्रश्न उरतो आणि तो टाळून चालणार नाही. शाळा केवळ तासांतून शिकवत नाही. प्रवेशद्वारावरील क्रूस, सकाळची प्रार्थना, नाताळचा कार्यक्रम, धर्मभगिनींचा वेश आणि वागणूक यांतूनही मूल काही शिकत असते. शुभवर्तमानातील प्रेम आणि स्वातंत्र्य यांनी भारलेले वातावरण हे कॅथलिक शाळेचे वैशिष्ट्य असल्याचे १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले आहे. ख्रिस्ताची साक्ष देणे हे आपले कर्तव्य आहे, हेही चर्च लपवत नाही. मग साक्ष कोठे संपते आणि दबाव कोठे सुरू होतो?

तत्त्व म्हणून याचे उत्तर सोपे आहे. ज्या गोष्टीला मूल 'नको' म्हणू शकते आणि तसे म्हटल्याने त्याच्या गुणांवर, शिक्षकांच्या वागणुकीवर किंवा वर्गातील स्थानावर कोणताही परिणाम होत नाही, तेथे दबाव नसतो. व्यवहारात मात्र आठवीतील मूल एकटे उभे राहून 'नको' म्हणेल, ही अपेक्षा अवास्तव आहे. म्हणून नकाराची वाट मुलावर न सोडता शाळेनेच ती आधी खुली करून ठेवावी लागते.

भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांसाठी प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचना या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. परिषदेच्या छत्राखाली देशभरात सुमारे १४ हजार शाळा आहेत. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सर्व धर्मांचा आदर राखावा, सकाळच्या परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन घ्यावे, शक्य तेथे सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष ठेवावा, अशा या सूचना आहेत. देशातील बदलत्या वातावरणात शाळांना वाटणारी असुरक्षितता हे त्यामागचे एक कारण आहे, हे उघड आहे. परंतु कारण काहीही असले तरी सूचनांचा गाभा १९६५ च्या भूमिकेशी सुसंगतच आहे.

संशयाचा इतिहास

पालकांच्या मनातील भीती केवळ अफवांतून आलेली नाही. महाराष्ट्रात तिला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. पुढील दोन्ही घटना प्रॉटेस्टंट संस्थांशी निगडित आहेत, पण त्यांचा परिणाम सर्वच ख्रिस्ती शाळांच्या प्रतिमेवर झाला.

१८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतील नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले. नंतर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद झाला. मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. थोरल्या नारायण शेषाद्रींनी पुढे मराठवाड्यातच काम केले आणि जालन्याजवळ 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत उभारली.

पन्नास वर्षांनी, १८९३ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या पुण्यातील शारदा सदनावरून असाच गदारोळ उठला. १८८९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसत. रमाबाईंच्या मते दार बंद करणे हा त्या मुलींच्या स्वातंत्र्यावर घाला ठरला असता. विरोधकांच्या मते दार उघडे ठेवणे हीच शिकवण होती. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या.

दोन्ही घटनांत खरा प्रश्न एकच होता : सज्ञान नसलेल्या मुलाच्या वतीने संमती कोण देणार? श्रीपतच्या बाबतीत तो न्यायालयाला सोडवावा लागला. शारदा सदनात नियम होता, पण पालक आणि संस्था त्याचा अर्थ वेगवेगळा लावत होते. स्पष्टता नसली की चांगल्या हेतूनेही विश्वास टिकत नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

संविधानाने काढलेला मार्ग

भारताच्या संविधानाने या प्रश्नाचे उत्तर अनुच्छेद २८ मध्ये दिले. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित खासगी शाळेत ते देता येते, पण कोणत्याही विद्यार्थ्याला त्या शिक्षणाला किंवा उपासनेला उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. त्यासाठी त्याची संमती लागते आणि तो सज्ञान नसेल तर त्याच्या पालकाची. दुसरीकडे अनुच्छेद ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा अधिकार देतो. हा अधिकार जसा कॅथलिकांना आहे, तसाच नांदेडमधील शीख संस्थांना आणि उर्दू शाळा चालवणाऱ्या मुस्लिम संस्थांनाही आहे. म्हणजे शाळेला शिकवण्याचा अधिकार आणि मुलाला न शिकण्याचा अधिकार, असे दोन्ही संविधानाने शेजारी शेजारी ठेवले आहेत.

संविधान सभेत या तरतुदीवर ७ डिसेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्ममताची शिकवण आणि धर्माचा अभ्यास यांत फरक केला होता. धर्ममत शिकवणे वेगळे आणि त्याचा अभ्यास किंवा संशोधन वेगळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्हॅटिकनच्या १९८८ च्या दस्तऐवजातील भेद याच अंगाने जातो, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे.

हाच धागा पुढे नांदेडच्या एका सुपुत्राने पकडला. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने १९९९ मध्ये मूल्याधिष्ठित शिक्षणावर अहवाल सादर केला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच वैश्विक मूल्ये समितीने मांडली आणि सर्व धर्मांच्या मूलतत्त्वांची विद्यार्थ्यांना ओळख करून द्यावी, असे सुचवले. त्यावर आधारलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान दिले गेले. सप्टेंबर २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचे शिक्षण अनुच्छेद २८ च्या विरोधात जात नाही, असा निर्वाळा दिला. मूल्यांचे शिक्षण एखाद्या धर्माच्या आधाराशिवायही देता येते, याचे उदाहरणही मराठवाड्यातच आहे. संविधानातील मूल्यांवर आधारलेला 'मूल्यवर्धन' कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील पाचशे शाळांतून सुरू झाला होता.

हे संरक्षण केवळ ख्रिस्ती शाळांतील हिंदू-मुस्लिम मुलांसाठी नाही. नाशिकमधील एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या बौद्ध शिक्षकाला वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारण्यात आली होती. हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. सरस्वतीपूजनाला किंवा एखाद्या प्रार्थनेला न बसू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती, बौद्ध अथवा मुस्लिम मुलालाही याच तत्त्वाचा आधार आहे. जो पालक कॅथलिक शाळेत आपल्या मुलासाठी मोकळीक मागतो, त्याने अन्य शाळेतील दुसऱ्याच्या मुलालाही ती मिळावी, हे मान्य करायला हवे.

पालकांनी काय विचारावे?

प्रवेशाच्या वेळी शुल्क, बस आणि गणवेश यांची चौकशी सगळेच करतात. त्याबरोबर पुढील गोष्टी विचारल्या तर पुढचे अनेक वाद टळतील.

शाळा कोणत्या संस्थेची आहे? नावातील 'कॉन्व्हेंट' किंवा 'सेंट' या शब्दांवर विसंबू नये.

वेळापत्रकात धर्मशिक्षण आणि मूल्यशिक्षण असे दोन वेगळे तास आहेत का? असतील तर कोणती मुले कोणत्या तासाला बसतात?

धर्मशिक्षणाच्या तासासाठी पालकांची लेखी संमती घेतली जाते का? प्रवेशअर्जावरील सर्वसाधारण सही आणि या विशिष्ट गोष्टीची संमती यांत फरक आहे. ती स्वतंत्रपणे मागणारी शाळा अधिक विश्वासार्ह समजावी.

मूल्यशिक्षणाचे पुस्तक कोणते? ते घरी आणून चाळावे. त्यात कोणत्या धर्मांतील कथा आहेत, हे पाहिले की बऱ्याच शंका मिटतात.

सकाळच्या प्रार्थनेचे शब्द काय आहेत? ज्याला त्या म्हणायच्या नाहीत, त्याला शांत उभे राहता येते का?

या तासांचे गुण निकालात धरले जातात का? धर्माचा विषय दहावीच्या मंडळाच्या परीक्षेत नाही. शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनात मात्र काय पद्धत आहे, ते समजून घ्यावे.

तक्रार असल्यास आधी मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघाकडे जावे. तेथे समाधान झाले नाही तर तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे लेखी दाद मागता येते. ऐकीव गोष्टीवरून शाळेसमोर जमाव नेण्यापेक्षा हा मार्ग अधिक परिणामकारक आहे. जमावाच्या गोंगाटात ज्या मुलाची खरी तक्रार असते, त्याचाच आवाज पहिल्यांदा दबतो.

शाळांसाठीही काम सोपे आहे. धर्मशिक्षण कोणाला, कोणते आणि कोणाच्या संमतीने दिले जाते, हे एका पानावर मराठीत लिहून प्रवेशपुस्तिकेत छापता येईल. सीमाभागात त्याच पानाची तेलुगू आणि उर्दू प्रत देता येईल. धर्मशिक्षण हे आपले अल्पसंख्याक म्हणून मिळालेले हक्काचे कार्य आहे, तेव्हा ते उघडपणे सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. संकोचानेच संशय वाढतो.

कॅथलिक मुलाला आपली श्रद्धा समजून घेता यावी आणि त्याच्या शेजारच्या बाकावरील मुलाची श्रद्धा अबाधित राहावी, ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी नाहीत. चर्चचे घोषणापत्र आणि देशाचे संविधान या दोहोंनी ती एकत्र मांडली आहेत. त्यांच्यामध्ये संमतीचा एक कागद असतो. तो भरून घेणे शाळेचे काम आहे आणि तो वाचून सही करणे पालकांचे.